जुन्या मशीनचं नवं बिऱ्हाड

जिथं माणसं जास्त, तिथं किस्से जास्त, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळे मानतात. माझा अनुभव उलटा आहे. चार माणसांत किस्सा घडला की तिथंच हसून संपतो. माणूस एकटं असलं की किस्सा सांगायचा राहून जातो. मग दुसरा येतो, तिसरा येतो, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांसारखी थप्पी लागते. पाहुणे काही येत नाहीत! आज तुम्ही सापडलात, तर ऐकाच.

मी भालकीला राहते. पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. बसस्टँडच्या मागं दोन खोल्या आहेत, दोन्हींत मीच. नोकरीतून उरलेल्या वेळात मी एक काम करते. पूर्वीचा तो पीसी आठवतोय का, काळ्या पडद्याचा, फ्लॉपी खाणारा? तो आख्खाच्या आख्खा सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा एक प्रोग्राम आहे. त्याला इम्युलेटर म्हणतात. तो सगळ्यांसाठी खुला आहे; कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा. आता तळहाताएवढे कॉम्प्युटर बोर्ड मिळतात ना, त्यांच्यावर तो एका झटक्यात बसावा अशी त्याची बांधणी मी करते. शेतातला ऊस कुणी चहात घालत नाही. रस काढून, गूळ करून, ढेप बांधावी लागते. ती ढेप बांधणारी मी. ह्या कामाला पॅकेजिंग म्हणतात.

आणि घोळ इथूनच सुरू होतो!

*

उदगीरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. भावानं मोठ्या अभिमानानं माझी ओळख करून दिली, "ही आमची नंदाक्का. कॉलेजात शिकवतीय, शिवाय पॅकेजिंगमधी बी हाय."

शेजारच्या खुर्चीवरच्या बाई एकदम सरसावल्या. "व्हय का अक्का? मग आमच्या शेंगाचटणीचं बघा की जरा. पाकीट लई फुगायलंय."

मी त्यांना ऊस, गूळ, ढेप, सगळं नीट समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुळाचं बी करता? चांगलं हाय की!"

पुढच्या आठवड्यात उदगीरच्या बसमधून माझ्या नावानं शेंगाचटणी आली. नमुना म्हणून, चांगली पिशवीभर. मी महिनाभर एकटी ती चटणी खात होते.

पाकीट खरंच फुगलेलं होतं!

*

ह्या कामात माझे सोबती दोघं. ब्राझीलमधला पावलो, जो लोकांच्या तक्रारी बघतो. आणि फिनलंडमधले एक वयस्क गृहस्थ, ज्यांनी मूळ प्रोग्राम लिहिला. त्यांना मी मनातल्या मनात अण्णा म्हणते. दोघांनाही मी कधी पाहिलेलं नव्हतं, सगळा कारभार लिहून.

अण्णा एका शब्दात बोलतात. छोट्या बोर्डांसाठी मी एक बदल करून त्यांना पाठवला. तो का हवा, कसा केला, सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, "नो."

पुन्हा सुधारून पाठवला. "नो."

तिसऱ्यांदा पाठवला. मधल्या सुट्टीत मोबाइल बघते तर उत्तर होतं, "व्हाय?"

मी स्टाफरूममध्ये जवळजवळ उडीच मारली! समोर चव्हाण सर पेपर तपासत होते.

"काय झालं मॅडम?"

"इतके दिवस नुसतं नाही म्हणायचे. आज पहिल्यांदा 'का' म्हणून विचारलं हो!"

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आवाज हळू केला. "म्हंजे अजून आशा हाय. करतेत काय ते?"

*

मे महिन्यात माझा बोर्ड दुपारी बंद पडायला लागला. प्रोग्राम चालू केला की थोड्या वेळात पडदा काळा. मी अण्णांना कळवलं. त्यांचं उत्तर, "इथं चालतंय."

मला राग आला. मी लिहिलं, "तुमच्याकडं चालणारच. एकदा मे महिन्यात भालकीला या, मग सांगा!"

मी आपला बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात घालून डबा माठावर ठेवायला लागले. तेवढ्यापुरतं चालायचं. माझी दुपार मग माठाशेजारी, जमिनीवर मांडी घालून.

काही दिवसांनी त्यांचा निरोप आला. त्यांच्याकडं घरोघरी घाम काढायची एक लाकडी खोली असते म्हणे, तापलेल्या दगडांची. सॉना म्हणतात. अण्णा आपला बोर्ड घेऊन त्या खोलीत जाऊन बसले होते! त्यांनी लिहिलं होतं, "सॉनात तपासलं. बंद पडला. तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही तिथं राहता कशा?"

एवढं लांब त्यांनी मला कधीच लिहिलं नव्हतं. बोर्ड दमणार नाही अशी दुरुस्ती त्यांनी त्याच दिवशी केली. पण तो शेवटचा प्रश्न माझ्यासमोर तसाच उघडा होता. मी बरंच काही लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

शेवटी पाठवलं, "माठ आहे."

*

एकदा एक तक्रार आली. तक्रारीचं नाव होतं 'चालतंय'.

आत लिहिलेलं, "काल तुमचा प्रोग्राम बसवला. पहिल्याच वेळी चालला. आवाजही येतो. काहीच अडचण नाही. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून इथं लिहिलं."

नाव नाही, गाव नाही.

पावलोनं मला विचारलं, "ह्याचं काय करायचं?" तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं, आणि कारणं तीनच. 'दुरुस्त झालं.' 'दुरुस्त होण्यासारखं नाही.' 'आमच्याकडं असं घडत नाही.'

ती तिन्ही मी वाचली. पावलोनंही वाचली असणार.

तक्रार आम्ही उघडीच ठेवली. आता नवी आवृत्ती काढायची वेळ आली की यंत्र आपोआप बजावतं, "एक जुनी तक्रार अजून सुटलेली नाही!"

*

मग एकदा पावलोनं टूम काढली, की आपण तिघांनी एकमेकांशी प्रत्यक्ष बोलायचं. व्हिडिओ कॉल. रविवारी दुपारी मी खोली झाडली, साडी नेसले, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं.

कॉल लागला आणि तिघंही गप्प! इतकी वर्षं लिहून बोललेलो, तोंड कुठनं उघडायचं तेच कुणाला कळेना. अण्णा पांढऱ्या दाढीतून नुसते खाली बघत होते. पावलो हसत होता. मी घसा साफ केला, आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "उदगीर, उदगीर, उदगीर, उदगीऽऽर!"

पावलो दचकला. "कोण गातंय?"

"कंडक्टर आहे. गावाचं नाव घेतोय. उदगीर."

"उद-गीर," पावलो म्हणाला. "उद-गीर, उद-गीर!" त्याला ते इतकं आवडलं की थांबेना.

अण्णांनी मान वर केली. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, बारीक आणि जरासा बसलेला. "गुड नेम," ते म्हणाले.

आमच्या प्रत्येक आवृत्तीला एक टोपणनाव असतं. त्या वेळच्या आवृत्तीचं ठेवलं 'उदगीर'. जगात कुठं कुठं लोकांच्या पडद्यावर उदगीर आलं!

हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी थेट बसस्टँडवर गेले. तोच कंडक्टर दारात उभा होता. म्हटलं, "भाऊ, तुमच्या ओरडण्यामुळं एका सॉफ्टवेअरचं नाव उदगीर पडलं. परदेशात."

त्यानं माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "चांगलं झालं मॅडम. पण गाडी सुटायलीय. बसायलाव का न्हाई?"

मी बसले. उदगीरला उतरून एक चहा प्याले आणि त्याच गाडीनं परत आले.

*

मल्लप्पा काका मूळचे आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचे. रिटायर झाल्यावर, बायको गेल्यावर, भालकीला लेकीकडं येऊन राहिले. लेक आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आहे. एका सरकारी कचेरीत त्यांनी उमेदीची वर्षं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून काढली. लेकीनं सांगितलं, की ह्या मॅडमकडं तुमचं जुनं मशीन आहे, तसे एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले.

मी बोर्ड जोडला, पडदा लावला, प्रोग्राम चालू केला. आकडे भराभर पळाले, बीप वाजला, काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकायला लागला. मी कौतुकानं काकांकडं बघितलं.

"न्हाई अक्का," ते म्हणाले, "हे ते न्हवं."

"कामून काका? सगळं तसंच तर आहे."

"लई पळायलंय हे. आमचं मशीन चालू केलं की आमी चौघं खुर्च्या वळवून बसायचो. ते तयार होईस्तवर बोलणं व्हायचं. कुणाच्या घरी काय, कुणाचं पोरगं पास झालं, सगळं तवाच कळायचं."

इम्युलेटरचा वेग कमी करता येतो. मी तो खाली आणला, आणखी खाली आणला, आणि पुन्हा सुरू केला. आता आकडे म्हातारी माणसं जिना चढतात तसे एकेक करत वर जायला लागले.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आत्ता बराबर! हं, बोला."

मला काही सुचेना. काकांनाही सुचेना. ते एकदा माझ्याकडं बघत, एकदा आकड्यांकडं. शेवटी बीप वाजला तेव्हा दोघांनीही श्वास सोडला.

काका म्हणाले, "पुन्यांदा लावा."

*

हा शेवटचा किस्सा खरं तर सगळ्यात पहिला, मी ह्या कामाला हात घातला तेव्हाचा.

आमच्या ह्या कामात अशी रीत आहे, की पॅकेज सांभाळणारा माणूस सोडून गेला की त्या पॅकेजला अनाथ म्हणायचं. दुसऱ्या कुणी हातात घेतलं की त्यानं दत्तक घेतलं म्हणायचं. शब्दच तसे आहेत. ह्या पॅकेजचा आधीचा सांभाळणारा सोडून गेला होता. मी ते मागून घेतलं आणि आनंदानं पुण्याला मोठ्या भावाला फोन लावला. तेव्हा घरात फोनला रेंज नसायची, म्हणून गच्चीवर जाऊन, मोठ्यानं.

"व्हय दादा, अनाथच होतं! कुणी बघत नव्हतं. मी दत्तक घेतलं. आता माझ्याच नावावर हाय!"

शेजारच्या गच्चीवर सरूबाई पापड वाळत घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी आमच्याच तालुक्यातल्या मेहकरची मावशी दारात! आई गेल्यापासून माझं म्हणावं असं घर म्हणजे मेहकरची ही मावशीच. पहिल्या गाडीनं निघालेली, घामाघूम, काखेत मोठी पिशवी. चप्पल काढता काढताच हळू आवाजात म्हणाली, "लेकरू कुठं हाय? निजलंय का?"

पिशवीत तिच्या जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं होतं, रातोरात शिवलेली झबली होती, टोपडं होतं, काजळाची डबी होती.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग जमेल तसं सांगितलं, की लेकरू नाही, प्रोग्राम आहे, मशीनमधला. सांगताना माझाच आवाज बारीक होत गेला. मावशी पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "दाखीव तरी."

मी बोर्ड तिच्या तळहातावर ठेवला. हिरवा दिवा लुकलुकत होता. तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला.

"कुणाचं हुतं?"

"एका माणसाचं. त्यानं सोडून दिलं."

"कामून?"

"त्याला वेळ नव्हता, मावशी."

"आन तुला हाय?"

"मला हाय."

वायरीला ओढ बसणार नाही असा बोर्ड मावशीनं टेबलावर ठेवला. माझ्याबरोबर भाकरी खाल्ली, भांडी मला घासू दिली नाहीत, आणि उन्हं उतरल्यावर निघाली. पिशवी रिकामी घडी करून काखेत मारली होती.

मी तिला सोडायला फाटकापर्यंत गेले. सरूबाई वाटच बघत उभ्या होत्या.

"मावशी, बघिटलाव का लेकरू? कसं हाय?"

मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बरं हाय की," ती म्हणाली. "गप-गुमान बसतंय. आईवर गेलंय."