झाकायचा तो चांगला डोळा

बावड्याच्या अंगणवाडीत नवं मूल आलं की सुमनबाई आधी त्याचं नाव विचारत नसत. समोर रंगीत मणी धरून तळहाताने त्याचा एक डोळा झाकत, मग दुसरा. “पोर कुठल्या हाताला चिडतंय ते बघायचं,” त्या म्हणत.

माझी चार वर्षांची ईश्वरी उजवा डोळा झाकला तरी मण्यांशी खेळत राहिली. डावा झाकताच तिने बाईंचा हात झटकला आणि भोकाड पसरलं. “गुरुजी, हिचा उजवा डोळा नुसता बसून हाय,” बाई म्हणाल्या. मी शाळामास्तर, पोरीचे डोळे चांगले सरळ, टपोरे. मी चक्क हसलो. पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: आळशी डोळा. चष्मा लावायचा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागेल. वय वाढलं की हे अवघड होत जातं, असंही त्यांनी बजावलं.

घरी माझ्या आईने हरकत घेतली. “चिंधी दुखऱ्या बोटाला बांधत्यात. चांगला डोळा झाकून पोर आंधळी करता व्हय?” पट्टी लावली की ईश्वरी धडपडायची, रडायची. मलाही बघवेना. आम्ही गुपचूप पट्टी उजव्या डोळ्यावर लावू लागलो आणि पोर खुशीत राहिली. पंधरा दिवसांनी सुमनबाईंनी ते पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. “पट्टी लावून हसतीया, म्हंजी पट्टी चुकीच्या डोळ्यावर हाय,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी घरी येऊ लागल्या. ईश्वरीची पट्टी डाव्या डोळ्यावर लावायची, स्वतःच्या एका डोळ्यावर रुमाल बांधायचा आणि दोघींनी सुपात तांदूळ निवडायचे. सुरुवातीला दोघींनाही खडे सापडत नसत. “रडू नगं, मलाबी दिसत न्हाय,” त्या समजूत काढत. कित्येक महिने एकही खाडा नाही. असं माणूस मी पाहिलं नव्हतं.

थंडीत ईश्वरी बारीक खडेही टिपू लागली. “बाई, ह्यो बगा खडा, तुमच्या बोटापाशी,” ती म्हणाली. बाई अजून चाचपडतच होत्या. मी म्हटलं, “बाई, आता नाटक पुरे. पोरगी शिकली.”

“नाटक न्हाय, गुरुजी. माझा ह्यो उघडा डोळा ल्हानपणी कुनी बघितलाच न्हाय. कळलं तवा तिशी उलटली हुती.”

मी हसलो होतो, ते आठवून मला लाज वाटली. बाईंनी सूप ईश्वरीकडे सरकवलं. “आनिक कुठं हाय गं?” ईश्वरीने त्यांचं बोट धरलं आणि पुढच्या खड्यावर नेऊन ठेवलं.