बायजाबाईच्या घरचं पाणी

आमचे हे, म्हणजे चंपतराव, सोसायटीचे अध्यक्ष झाले तेव्हापासून घरातही मतदान घेऊन राहिले होते. वरण की कढी? हात वर करा! मी म्हणायची, "स्वयंपाक मी करते, तं मत कोणाचं?" हसायचे. माणूस वाईट नाही हो. बहुमत म्हटलं की त्यांचं डोकं चालणं बंद होते, एवढंच.

नागपुरात महाल भागातल्या आमच्या इमारतीत मटण शिजवणारं घर एकच, खालच्या मजल्यावरच्या बायजाबाईचं. नवरा गेल्यापासून सावजी रस्स्याचे डबे करून पोट भरते बिचारी. वास येतो म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी मीटिंग झाली. इमारतीत मटण बंद! तिचा सोडून सगळ्यांचे हात वर. तिनं काही ऐकलं नाही, तं पुन्हा हात वर झाले आणि ह्यांनी स्वतः जाऊन तिच्या नळाचा कॉक बंद केला. "काहून जी, मे महिन्यात बाईचं पाणी तोडता?" मी भडकलीच. तं म्हणतात, "सगळ्यांनी ठरवलं, मी कोण?"

बायजाबाई सहकार खात्याच्या साहेबाकडे गेली. साहेबांनी ह्यांले बोलावलं. हे मले सोबत घेऊन ऐटीत गेले. "साहेब, एक सोडून सगळ्यांचे हात वर होते!"

साहेब म्हणाले, "सगळ्या नागपूरचे असते तरी पाणी तोडता येत नाही. त्या एकीसाठीच तर कायदा आहे. बाकीच्यांना तो कशाला लागतो, त्यांच्याजवळ हात आहेतच. आजच्या आज पाणी सुरू करा."

ह्यांनी घरी आल्याआल्या कॉक उघडला आणि तिले सांगायले दार वाजवलं. आमच्याकडे दारात आलेल्याले आधी पाणी, मग बोलणं. बायजाबाईनंही दोन गिलास आणले. गल्लीतल्या बोअरिंगवरून डोक्यावर वाहून आणलेलं पाणी ते! "घ्या भाऊ, उन्हातून आले."

ह्यांचा हात काही पुढे होईना. मान खाली गेली ती वरच येईना. मलेही इतकी लाज वाटली की तिच्याकडे पाहवेना. शेवटी कसेबसे म्हणाले, "बाई, मले कोणीतरी थांबवायले पाहिजे होतं वं."

"म्हणून तं साहेबाकडे गेली होती, भाऊ," बायजाबाई म्हणाली. "प्या आता पाणी."