मधलं पाऊण मिनिट

माझा मित्र बुद्धभूषण याने तीस वर्षं ऑर्गनवर दुसऱ्यांच्या गाण्याला साथ केली. गाणं रंगलं की टाळ्या गायकाला, फसलं की शिव्या बुद्धभूषणला. गायकमंडळींना ही वाटणी फार पसंत होती.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला अवदसा आठवली. श्वास येतो तो जाणावा, जातो तो जाणावा, या बुद्धवचनावर त्याने एकट्या ऑर्गनसाठी अकरा मिनिटांची रचना बांधली. दोन वर्षं खपला. मधोमध पाऊण मिनिट एकही सूर नाही. नुसते पाय चालतात आणि ऑर्गनचा भाता श्वास घेतो. "ते ऐकलं की पुढचं कळतंय बघ," तो म्हणायचा. एकदा तरी ही रचना लोकांपुढे पुरी वाजावी, एवढंच त्याला हवं होतं. माणसं बंगल्याची स्वप्नं बघतात, हा हे बघत बसला.

बुद्धपौर्णिमेला मंगळवार पेठेतल्या एका मंडळाने हॉल दिला. अध्यक्ष विजयसिंह कलेचे एवढे भोक्ते, की सत्कार केल्याशिवाय कलाकाराला घरी सोडत नाहीत.

वादन सुरू झालं. दोन मिनिटांत मागून आवाज आला, "गाणारा कवा येणार हाय?"

"अजून सूर लावायलाय. दम धर की!" शेजारच्या जाणकाराने समजावलं.

पाचव्या मिनिटाला मात्र हॉल खरोखर गप्प झाला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात सूर थांबले. भाता तेवढा चालू राहिला.

पेटी थांबली म्हणजे संपलं, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. विजयसिंह शाल घेऊन धावले. "एक नंबर वाजवलंसा!"

"अजून संपलं न्हाय," बुद्धभूषण म्हणाला.

"असू दे की! मान खाली करा."

शाल आली, फेटा आला, नारळ आला. फेटा बांधून होईपर्यंत बिचाऱ्याचे पाय चालूच होते. मग कला मन लावून कशी ऐकावी, यावर विजयसिंह बावीस मिनिटं बोलले आणि त्यांनी चहा जाहीर केला. हॉल बघता बघता रिकामा झाला.

चहाच्या रांगेत माझा नंबर पाचवा होता. आतून ऑर्गन पुन्हा वाजू लागला, जिथे तुटला होता बरोबर तिथून. आत जावं असं फार वाटलं. पण पुढे चौघंच होते. मी रांग सोडली नाही.

थोड्या वेळाने बुद्धभूषण बाहेर आला. घामाने भिजलेला, चेहरा उजळलेला.

"शेवट ऐकलास न्हवं?"

"व्हय की," मी म्हणालो आणि त्याच्यासाठी एक कप मागितला.