नटावरचा शेंदूर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढं तर मुद्दामच नाही, कारण त्याला सगळं ठाऊक आहे आणि त्याच्याशी नजर भिडवायची माझी टाप नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल. बघू या.

गोष्ट एका नटाची आहे. हसू आलं ना? घरातली मंडळीही हसतात, की हा म्हातारा सायकलचा नटसुद्धा तीन-तीनदा आवळून का बघतो. मी म्हणतो, सवय. बघा, सुरुवातच खोटं बोलण्यापासून झाली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी साताऱ्याकडून पोटासाठी चिंचवडला आलो होतो आणि स्टेशनाजवळ अण्णांच्या गॅरेजात मिस्त्री होतो. अण्णा आमचे मालक. तापट, देवभोळे आणि कामात कमालीचे काटेकोर. त्यांचा एक नियम होता. नट पान्यानं पक्का आवळला, की त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे आवळलाय. ठिपका नाही तर गाडी दाराबाहेर जायची नाही. शेंदूर देवाचा, त्यामुळे खोटा ठिपका द्यायची कुणाची छाती होत नसे. निदान अण्णांना तसं वाटायचं.

माझ्याबरोबर बबन होता. मोशीचा, इंद्रायणीकाठच्या शेतकऱ्याच्या घरातला. वयानं माझ्याएवढाच. आम्ही एकाच डब्यात जेवायचो आणि दिवसभर एकमेकांची टिंगल करायचो. गाडी दुरुस्त करण्यात मी त्याच्यापेक्षा बरा होतो, हे तोही मानायचा. पण गाडीवर बसला की त्याच्यापुढं आम्ही सगळे किस झाडकी पत्ती. वळणावर तो गाडी इतकी झुकवायचा, की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. त्याची एकच खोड होती. खिशात कायम एक छोटा पाना असायचा आणि चांगल्या चालत्या गाडीलाही तो हात लावल्याशिवाय राहायचा नाही. अण्णा त्यावरून त्याला रोज झापायचे.

चाकणपलीकडच्या माळावर युद्धाच्या काळात विमानांसाठी केलेली डांबरी पट्टी पडून होती. त्या वर्षी दसऱ्याला पुण्यातल्या काही हौशी लोकांनी तिथं तेलाची रिकामी पिंपं मांडून वळणावळणांचा रस्ता आखला. ज्याला हवं त्यानं यावं, दिवसभर मोटरसायकल पळवावी. आमच्याकडे दुरुस्तीला येणारे एक वकीलसाहेब होते. त्यांची विलायती गाडी बबन चालवणार होता. ते त्याला म्हणाले होते, की त्या दिवशी नीट चालवलीस तर पुढं मुंबई-मद्रासच्या शर्यतींना तूच माझा माणूस. बबननं ही गोष्ट निम्म्या मोशीला सांगून टाकली होती. “औंदा शिलंगण गाडीवरनं!” म्हणत गॅरेजभर नाचला होता.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी मी त्या गाडीचा मागचा ब्रेक बसवत होतो. त्या ब्रेकला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. तिचा नट निघाला, तर पाय दाबताक्षणी आख्खा ब्रेकच चाकाबरोबर फिरू लागतो आणि चाक जागीच जाम होतं. हे मला पाठ होतं. मी तो नट बोटांनी फिरवून बसवला, पाना लावणार — तेवढ्यात अण्णांची हाक आली. पूजेची वेळ टळत होती. सगळी हत्यारं पाटावर आणा.

माझ्या हातातला पाना मी पाटावर ठेवला. एकदा पाटावर गेलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा रिवाज. हळदकुंकू झालं, झेंडूचे हार झाले. मग अण्णांनी शेंदराची वाटी माझ्या हाती दिली आणि गाड्यांनाही लाव म्हणाले. हँडलला लावला, दिव्याला लावला, पुढच्या चाकाला लावला. मागच्या चाकाशी आलो आणि रोजच्या सवयीनं माझं बोट त्याच नटावर गेलं.

झालं. पूजेचा ठिपका आणि कामाचा ठिपका, शेंदूर एकच. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, गाडी ट्रकात चढवून निघायची घाई झाली, आणि नट माझ्या डोक्यातून पार गेला.

माळावर चांगलीच गर्दी जमली होती. अण्णाही आमच्याबरोबर आले होते. बबननं बसण्याआधी गाडीला वाकून चक्कर मारली आणि म्हणाला, “समदं ठिपकं हायती गड्या. आता बघच.” तीन फेऱ्या त्यानं अशा मारल्या, की वकीलसाहेब टोपी काढून ओरडत होते. चौथ्या फेरीत, पिंपांच्या वळणाआधी त्यानं ब्रेक दाबला. मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी झाली आणि बबन तिच्याखाली फरफटत पिंपांवर जाऊन आदळला. त्याचा उजवा गुडघा — नको, ते मी लिहीत नाही. तो पाय पुन्हा कधी वाकला नाही, एवढं पुरे.

गाडी उचलली तेव्हा पट्टी लोंबत होती. नट नव्हता. अण्णांनी माझ्याकडं वळून विचारलं, “आवळला होतास?”

मी म्हणालो, “हो अण्णा. ठिपका दिला होता.”

दुसरं वाक्य खरं होतं, हीच तर मेख. आणि मग बबनच्या खिशातून तो छोटा पाना निघाला. त्यानं तो पूजेला मांडलाच नव्हता. अण्णांचा चेहरा काळवंडला. देवापुढं न ठेवलेला पाना आणि कुठंही हात घालायची खोड. त्यांना दुसरा पुरावा कशाला हवा होता? बबन दवाखान्यात असतानाच त्यांनी त्याचं काम बंद केलं. वकीलसाहेब पुन्हा आले नाहीत. मी तिथंच उभा होतो, अण्णांच्या शेजारी, आणि मान डोलावत होतो. पुढं अण्णांनी गॅरेजच्या किल्ल्या माझ्याकडं दिल्या. विश्वासाचा माणूस म्हणून.

बबननं मोशीत सायकलचं दुकान टाकलं. पाय लांब पसरून, जमिनीवर बसून पंक्चर काढायचा. मी दर दसऱ्याला त्याच्याकडं सोनं द्यायला जायचो. का जायचो, कोण जाणे. एका वर्षी आपट्याची पानं त्यानं नीट जुळवून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “तुझ्या कामाला मी बट्टा लावला रं. मीच कुटंतरी पाना फिरवला आसंल. मला आठवत न्हाई, पर माझीच खोड ती. मनात ठेवू नको.”

तो माझी माफी मागत होता. माझी! आणि मी काय केलं असेल? त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ दे बबन, झालं गेलं. मोठ्या मनानं माफ केलं मी त्याला. बबन आता नाही. तो शेवटपर्यंत तेच मानून गेला.

इथं थांबलो असतो, तर तुम्ही म्हणाला असता की माणूस विसरला, घाबरला, एकदा खोटं बोलला. पण मी वर लिहिलंय, की नट डोक्यातून पार गेला. ते खोटं आहे. इतकी वर्षं मी स्वतःलाही तसंच सांगत आलो, म्हणून हातून तसंच लिहून झालं.

मला आठवलं होतं. बबन गाडीवर बसून निशाणाची वाट बघत होता. मागच्या चाकावर ऊन पडलं होतं. बाकीच्या नटांवरचे ठिपके तेलानं, धुळीनं काळे पडले होते आणि हा एकच ताजा, लालभडक होता. पूजेचा. क्षणात सगळं आठवलं. पाना बबनच्याच खिशात होता, अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण शेजारी अण्णा उभे होते. चारचौघांत त्यांच्यासमोर म्हणावं लागलं असतं, की देवाचा शेंदूर मी न आवळलेल्या नटावर लावला.

तरी माझा हात वर गेला. थांब म्हणायलाच गेला होता. बबननं तो पाहिला. त्याला वाटलं, मी शुभेच्छा देतोय. तो दात काढून हसला आणि त्यानंही हात वर केला.

मग मी माझा हात हलवला. जा म्हणून.