चार्जर बसवणार कुठं?

माझी सगळी नोकरी दुधातलं पाणी शोधण्यात गेली. संकलन केंद्रावर रोज सकाळी किटल्यांची रांग लागायची आणि मी प्रत्येक किटलीत लॅक्टोमीटर सोडून समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसायचो. आकडा नंतर, तोंड आधी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सवय काही जात नाही. भाजीवाली ताजी मेथी म्हणाली की मी जुडी सोडून आतली पानं बघतो. बायको म्हणते, "तुम्ही देवळातल्या तीर्थातबी लॅक्टोमीटर सोडाल." सोडीन की! त्यात काय चुकलं?

तर अक्काचा चार्जर. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणीच पोलिओनं तिचा डावा पाय गेला. लग्न केलं नाही. शाहूवाडीकडच्या आमच्या गावात एक म्हैस सांभाळत एकटी राहते आणि तीन किलोमीटरवरच्या वस्तीत अंगणवाडी चालवते. आधी कुणी गाडीवरनं सोडलं तर बरं, नाहीतर कुबडी टेकत चालायची. मग बॅटरीवरची तीनचाकी आली आणि बाई एकदम राणीसारखी फिरायला लागली. "मला सोडतोस का रं?" असं आता कुणाला विचारावं लागत नाही, याचंच तिला कोण कौतुक! पण घराला तीन पायऱ्या. त्यामुळं गाडी गोठ्यात, म्हशीच्या शेजारी. चार्जरही तिथंच, खुंटीला.

आता आमच्याकडचा पाऊस वरनं पडत नाही, आडवा घुसतो. त्यात रोज सकाळी पाईप लावून गोठा धुवायचा. वर चाऱ्याचा भुसा आणि मुताची वाफ. गाडीबरोबर आलेल्या चार्जरनं दोन पावसाळे कसेबसे काढले आणि तिसऱ्याला, भाद्रपदात, मान टाकली. अक्काचा फोन आला. "बाळा, तूच बघून आण. तुला कोण फसवू शकत न्हाय."

हे वाक्य मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू?

मी राहतो शहरात, तिथल्याच लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात गेलो. मालक चष्मा कपाळावर चढवून बसलेला. गाडीची माहिती ऐकून घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पावणं, चार्जर बसवणार कुठं?"

झालं! माझे कान टवकारले. मी चार्जर मागतोय, हा माझं घर कशाला विचारतोय? त्यानं दोन डबे पुढं ठेवले. आतल्या चार्जरांचा आकार सारखाच, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो आकडा बघा. आयपी वीस. पयला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. शून्य म्हंजे पाण्याचा थेंबबी चालत न्हाय. आणि ह्यो पासष्ट. आत धूळ शिरत न्हाय, पाईपनं पाणी मारलं तरी सोसतोय. म्हणून इचारतोय, घरात बसवणार का बाहेर?"

मी त्याचं तोंड वाचलं. फार गोड बोलत होता. म्हणजे "बाहेर" म्हटलं की महागातला माझ्या गळ्यात पडणार. आतनं दोन्ही एकच असणार आणि वरचं लेबल तेवढं वेगळं, असले खेळ मी काय कमी बघितलेत?

"घरात," मी म्हटलं. "हॉलमध्ये. फॅनखाली."

"नक्की?"

"आता काय लिहून देऊ?"

त्यानं गुमान बिलावर लिहिलं, ‘घरातल्या वापरासाठी’, आणि शेजारी माझी सही घेतली. तेव्हाही मला वाटलं, बघ, पळवाट काढून ठेवतोय लेकाचा. स्वस्तातला डबा काखेत मारून मी बाहेर पडलो ते असा छाती काढून, की जणू त्याचा गल्लाच उचलून आणलाय.

रविवारी गावी गेलो. अक्कानं चार्जर हातात घेऊन उलटापालटा केला. "पाण्याचं काय रं? हितं पाईप चालतोय रोज."

इथं तरी खरं सांगायला हवं होतं. पण डोक्यात तोरा होता. "अगं, धो धो पाणी मार. काय होत न्हाय ह्याला. वॉटरप्रूफ हाय."

अक्कानं डब्याकडं बघितलंसुद्धा नाही. भावानं सांगितलं, विषय संपला. तरी स्वभावानं जपणारी, म्हणून रोज गोठा धुताना चार्जर उंच माळ्याच्या कडेला ठेवायची. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मी बायकोला दोनदा ऐकवलं, "बघ, तेवढ्यातच काम झालं की न्हाय?"

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी राबणारी प्रत्येक वस्तू धुऊन पुजायची. विळा, कोयता, खुरपी, पाटा-वरवंटा, शिलाई मशीन, सायकली, सगळं अंगणात काढायचं, स्वच्छ घासायचं, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची. न धुतलेल्या अवजाराला कुंकू लावणं अक्काला जन्मात जमायचं नाही. तिनं तीनचाकी धुतली. आणि वर्षभर त्या गाडीला चालवणारा चार्जर, त्याला पारोसं कसं ठेवायचं? त्याच्यावरही पाईप धरला, फडक्यानं पुसला, कुंकू लावलं. भाऊ म्हणालाच होता, धो धो पाणी मार.

संध्याकाळी दिवेलागणीला तिनं चार्जर लावायला घेतला.

शेजाऱ्यांचा फोन आला, "अक्कास्नी शॉक बसलाय, या लगेच." मोटारसायकल कशी चालवली, आठवत नाही. रस्ताभर एकच चाललेलं, देवा, तिला काय होऊ देऊ नको. पोचलो तर अक्का कॉटवर बसलेली. झटक्यानं उताणी पडली होती, मागं वैरणीचा ढीग होता म्हणून डोकं वाचलं. उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी पडलेली. उजवा हात, म्हणजे कुबडीचा हात. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचतील, पण पकड किती येईल ते आत्ताच सांगता येत नाही.

मला बघून अक्का म्हणाली, "माझंच कायतर चुकलं असणार बघ."

तिथं माझ्या मनात ‘हॉल’ हा शब्द एकदा येऊन गेला. मी तो दाबला. मोठमोठ्यानं म्हणालो, "तुझं कशाला चुकंल? त्या दुकानदारानं गंडवलंय! सोडत न्हाय त्याला." जेवढा दाबला तेवढा माझा आवाज चढला.

आठ दिवसांनी मी गावातनं दुकानदाराकडं भांडायला निघालो, तर अक्काही बँडेज बांधलेल्या हातानं वडापच्या जीपमध्ये चढून बसली. "तू कुणाच्यातर अंगावर जाशील. मी येतीय." तेव्हाच तिला उतरवायला हवं होतं. पण काय कारण सांगणार?

दुकानात शिरलो आणि जळका चार्जर काउंटरवर आपटला. "माणसाचा जीव घेता काय? असला माल विकता?"

मालकानं चष्मा डोळ्यांवर आणला. चार्जर उघडला, आतला हिरवा गंज बघितला. मग कुंकवाचं बोट लागलेलं झाकण बघितलं, अक्काचा हात बघितला. आवाज न चढवता म्हणाला, "पावणं, मी तुमास्नी इचारलंतं की, कुठं बसवणार म्हणून. तुम्ही म्हणालासा, हॉलमध्ये, फॅनखाली." आणि बिलाची दुसरी प्रत काढून पुढं ठेवली. खाली माझी सही, मोठी, वळणदार.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का बिल वाचत होती. वाचायला दोनच शब्द, पण तिनं फार वेळ घेतला.

"ह्यो कितीचा आकडा म्हणायचा?" जळक्या चार्जरवर बोट ठेवून तिनं मालकाला विचारलं, माझ्याकडं न बघता.

मग त्याला तिनं सगळं सांगितलं. गोठा, म्हैस, रोजचा पाईप, भुसा, पाऊस कुठल्या बाजूनं घुसतो, छपराचा कुठला पत्रा गळतो. तो ऐकत होता आणि मधेमधे विचारत होता. पासष्टचा घ्या म्हणाला. त्याहून वरचा, पाण्यात बुडवायचा, नको, उगाच पैसे जातील. भिंतीवरच्या सॉकेटला झाकणाची पेटी बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. चार्जरला प्लास्टिक गुंडाळू नका, तो तापतो, त्याला वारा लागतो. मला तिथं एकही खोटा शब्द सापडला नाही.

परतताना वडापात अक्का एवढंच म्हणाली, "त्याला हॉल सांगितलंस, ते राहू दे. मला का रं तसं सांगितलंस?"



गावात वायरमन बोलावला, अर्थिंग करून घेतलं, सॉकेटला पेटी बसवली. पासष्टचा नवा चार्जर मी स्वतः भिंतीला ठोकला. म्हटलं, "अक्का, ह्यो खरंच पाण्याचा हाय. लाव आता निवांत."

"व्हय," अक्का म्हणाली. मग तिनं चष्मा लावला, डबा उचलला आणि आकड्यावर बोट टेकवून वाचलं. सहा. पाच. डबा खाली ठेवला आणि डाव्या हातानं मोबाईल काढून बिलावरचा नंबर लावला.

"पावणं, मी गोठ्यातनं बोलतीय. आमचा भाऊ म्हणतोय, ह्याला पाणी चालतंय म्हणून. खरं हाय का?"

पलीकडनं तो काय म्हणाला, मला ऐकू आलं नाही. अक्का "बरं, बरं" म्हणाली आणि मगच तिनं बटण दाबलं.