डावीकडे पळणारा टाका

सकाळी देवापुढे हात जोडले ते एवढंच मागून, की मामंजींना त्या खोलीतून काढू नये.

सासूबाई गेल्यावर सासरे, म्हणजे आमचे मामंजी, नुसते भिंतीकडे बघत बसत. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. हात रिकामे राहिले की उशीचा धडधाकट अभ्रा उसवून पुन्हा शिवायचे. शेवटी मीच त्यांना राष्ट्रीय संग्रहालयाच्या मित्रमंडळात धाडलं. तिथे हौशी माणसं आठवड्यातून दोनदा जमतात; पगार नाही, चहा मिळतो. कुणी म्हाताऱ्यांकडून जुन्या अंगाया उतरवून घेतं, कुणी लाकडी खेळणी पुसतं. मामंजींना कापडाची खोली मिळाली आणि ते पुन्हा रोज दाढी करायला लागले.

तिथला नियम एकच: धूळ झाडण्यापलीकडे वस्तूला हात लावायचा नाही. मामंजींनी नेमका तोच मोडला. एका आजींनी आपलं तान्हेपणीचं दुपटं दिलं होतं. त्याच्या एका कडेचे टाके अंगणात कोंबडी पळावी तसे. मामंजींना बघवेना. कड उसवून सरळ शिवून टाकली, आणि घरी येऊन वर मला म्हणतात, "सूनबाई, आज हाताचं चीज झालं!"

काल ती खोली सांभाळणाऱ्या बाईंनी दुपट्यासोबतचं पत्र वाचून दाखवलं. ती कड आजींच्या आईने, दिसेनासं झाल्यावर, चाचपून शिवली होती. आणि आज आजी दुपटं बघायला यायच्या होत्या.

मामंजी रात्री जेवले नाहीत. हे म्हणाले, "बाबा, आजारी आहात म्हणून कळवू?"

"आजारी पडायलाही तोंड लागतं," मामंजी म्हणाले.

म्हणून आज मी सोबत गेले. मामंजींनी सगळं खरं सांगितलं. आजी कितीतरी वेळ त्या सरळ कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"आईचा टाका डावीकडे पळायचा. आम्ही भावंडं हसायचो. ती म्हणायची, मेल्यांनो, तुम्हाला ऊब हवी की रेघ?"

मामंजींनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत उसवलेला दोरा. शिंपी दोरा फेकत नाही, जन्माची खोड. "ताई, कापडावर जुनी भोकं अजून आहेत. म्हणाल तर त्यांतूनच हाच दोरा घालतो. पण हात माझा असेल, तुमच्या आईचा नाही."

आजींनी होकाराची मान डोलावली. बाई म्हणाल्या, "नोंदीत लिहावं लागेल. कुणी उसवलं, कुणी शिवलं."

"लिहा. ठळक लिहा," मामंजी म्हणाले.

मामंजी दुपारभर शिवत बसले. भोकं दिसेनात तिथे बोटांनी चाचपत. आजी शेजारी बसून कसलीशी अंगाई गुणगुणायला लागल्या, तशा गाणी उतरवणाऱ्या बाई वही घेऊन धावत आल्या.

"लिहिताय काय," आजी खेकसल्या, "आधी ऐका तरी!"

कड पुरी झाली तेव्हा टाके पुन्हा डावीकडे पळत होते. निघताना खोलीच्या बाई मामंजींना म्हणाल्या, "मंगळवारी वेळेवर या. सुई मात्र घरी ठेवून."

घरी येऊन त्यांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि माझ्या देवाजवळ ठेवली. "तुझ्या देवाला म्हणावं, हिच्यावर लक्ष ठेव. माझा भरवसा नाही."

मी ती तिथेच राहू दिली आहे.