टाळी कुठे पडते

माझ्या धाकट्या दिराइतका अस्वस्थ माणूस अंधेरी ते बोरिवलीच्या दरम्यान दुसरा जन्मला नसावा. मरोळच्या कारखान्यात भावजी दिवसभर पत्रा दाबायच्या मशीनवर उभे असत, आणि घरी येताना ती मशीन बोटांतून घेऊन येत. ताट, डबा, खिडकीचे गज, सासूबाईंची पानसुपारीची डबी, सगळ्यावर ठकठक. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पोह्यांच्या बशीवर चमच्याने असा ठेका धरला, की मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मुलाला फिट येते का?"

ऐंशी सालानंतर कधीतरी, बोटीवरच्या एका मित्राने त्यांना अमेरिकेतल्या सोल गाण्यांची कॅसेट आणून दिली आणि आमच्या घराची वाट लागली. आता मराठीत सोल गायचं, अख्खी कॅसेट काढायची.

"सोल म्हणजे आत्मा, वहिनी."

"आत्मा एवढा ओरडतो होय?"

मी तेव्हा गाण्याच्या दोन परीक्षा पास होते, त्यामुळे जगातलं सगळं संगीत तपासायला माझ्याकडे पाठवलंय अशी माझी समजूत होती. भावजी मोरीत रियाज करत. मालवणहून आलेले मामंजी पहिल्या दिवशी दाराशी कान लावून म्हणाले, "ह्याच्या पोटात दुखता काय गो? ओवो दी त्याका."

शेवटी घाटकोपरला, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या एका खोलीत, एका रविवारी आठ गाणी रेकॉर्ड व्हायची ठरली. टाळ्यांना माणसं हवी होती. बिल्डिंगमधल्या चार बायका आणि त्यांची पुढारी मी. भावजींनी समजावलं, "एक सोडायचा, दोनला टाळी. तीन सोडायचा, चारला. गाण्याचा सगळा जीव तिथे आहे. तुमच्यापैकी एकीची जरी टाळी तिथे पडली ना, तर समजेन माझं गाणं पोचलं."

आमचे हात लहानपणापासून आरतीत तयार झालेले. एक म्हटलं की फाट. भावजी समोर उड्या मारून दाखवत होते, घामाघूम झाले होते. सातव्यांदा चुकल्यावर मी पदर खोचून निकाल दिला, "भावजी, टाळी समेवरच पडते. तुमचं गाणं चुकतंय, आमचे हात नाहीत."

तेवढ्यात खोलीची वेळ संपली. भावजी म्हणाले, "असू दे."

कॅसेट निघाली. गणपतीत मंडळाने ती कर्ण्यावर लावली, तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधून एकजण कोण गेलं म्हणून विचारायला आला. मग एका साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या. गायकाचा सूर परका वाटतो, असं लिहून पुढे म्हटलं होतं, टाळ्या मात्र अस्सल आपल्या. झालं. मी ते कात्रण कपाटाच्या आरशाला चिकटवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आरशात केस बघायला लावले. भावजींनीही वाचलं. "झकास, वहिनी. तुमचं नाव झालं ना," म्हणाले आणि जेवायला बसले. त्या दिवशी ताटावर बोट वाजलं नाही. त्यानंतरही कधी नाही. घर कसं शांत झालं, म्हणून मी शेजारणींना कौतुकाने सांगत होते. एवढी मी हुशार.

गेल्या वर्षी जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला आणि दुपारी दार लावून ती कॅसेट ऐकू लागले. एक सोडायचा, दोनला. महिनाभर हात ऐकेना. लाज वाटायची, पुन्हा लावायची.

भावजी हल्ली दिंडोशीला लेकीकडे असतात. यंदा त्यांच्या गणपतीला सगळे जमलो. आरती सुरू झाली आणि माझी टाळी आपसूक दोनवर पडली. मग चारवर. सगळ्यांच्या मधोमध एकटीच वाजली. सून कानाशी आली, "आई, चुकताय."

मी थांबले नाही. पलीकडे भावजी आरतीचं तबक धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण तबकाखालचं त्यांचं बोट हललं, आणि माझ्या दोन टाळ्यांच्या मध्ये, अगदी हलकेच, ठक झालं.